मागच्या जागेतली न मोजलेली फेक

मी, खाली सही करणारी, शिवणकामाची निवृत्त शिक्षिका, हे पूर्ण शुद्धीवर आणि स्वखुशीने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. माझा मुलगा आणि माझे दीर यांनी तो आणून पाहिला, चालला नाही.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक मुलाला. शिलाई मशीन सुनेला. ती त्याला तेल घालणार नाही, हे जाणून देत आहे.

२. माझे पती थाळीफेक करत. जन्मदेशाकडून ते बरीच वर्षं खेळले. मग निवड समितीने कारण न देता त्यांना वगळलं, तेव्हा आम्ही इथलं नागरिकत्व घेतलं. पदक त्यांनी इथल्या देशासाठी मिळवलं. तिथे ते गद्दार ठरले, इथे शेवटपर्यंत 'बाहेरचे' राहिले. आता दोन्ही महासंघ त्यांच्या जर्सी मागत आहेत. ज्याची त्याला द्यावी. टपालखर्च त्यांनी करावा.

३. ह्यांना स्मशानात नेण्याच्या दिवशी दीर तिकडचा झेंडा घेऊन आले. मुलाने इकडचा आणलाच होता.

"वहिनी, दादा जन्मला कुठे, ते विसरू नका."

"काका, इतकी वर्षं बाबांना साधा फोन केला नाहीत. झेंडा बरा आठवला."

"तू मध्ये बोलू नकोस. लहान आहेस."

"चाळिशी उलटली माझी."

शववाहिनीचा चालक दारात ताटकळत होता. शेवटी मी कपाटातली चादर काढून ह्यांच्यावर घातली. माझ्या वेळी दोघांनी हात हलवत यावं.

४. घरामागची लांबट जागा. दोघांनाही तिथे ह्यांचं स्मारक हवं आहे, आपापल्या देशाच्या नावाने. देश बदलल्यावर तीन वर्षं ह्यांना कोणाकडूनच खेळता येत नव्हतं. त्या काळात, त्या जागेत, ह्यांची थाळी स्वतःच्या विक्रमाच्या चुन्याच्या रेघेपलीकडे बरीच लांब पडली. बघायला मी एकटी. मी तिथे लोखंडी खुंटी ठोकली आणि टेप आणायला निघाले. हे म्हणाले, "राहू दे. कोणाच्या नावावर लिहिणार?"

ती जागा दीर आणि मुलगा यांना समाईक देत आहे. विक्री, वाटणी किंवा बांधकाम करण्याआधी दोघांनी ती फेक मोजावी. टेपचं एक टोक दिरांनी हे जिथून फेकत त्या वर्तुळापाशी धरावं, दुसरं मुलाने खुंटीपाशी. आकडा दोघांना मान्य झाला पाहिजे. एवढ्या अंतरावरून एकमेकांशी ओरडूनच बोलावं लागेल. त्याची त्यांना सवय आहे.

साक्षीदार: शेजारचे दंतवैद्य (सही), कोपऱ्यावरच्या किल्ल्या करून देणाऱ्या बाई (सही). दोघांनाही खेळात रस नाही, म्हणून बोलावले.

ठिकाण: राहत्या घरी, स्वयंपाकघरात
मंगळवार, ९ जून
(सही)