आगबोटीचे सागवान

पोंभुर्णा, ३ जानेवारी १९५५

मूलपर्यंत मोटार आणि पुढे वाचनालय काढणाऱ्या गुणवंतरावांची बैलगाडी, असा प्रवास करून काल सायंकाळी येथे पोहोचले. ग्रंथपाल! हा शब्द माझ्या नावापुढे लागला आहे, हे अजून खरे वाटत नाही. चांद्याच्या शाळेत मी प्रत्येक वर्षी पहिली आले, पण वर्गात उभी राहून एक प्रश्नही कधी विचारला नाही. येथे मुख्यतः पुस्तकांशीच बोलायचे आहे.

वाचनालय नवे आहे. त्याचे लाकूड मात्र विलायत पाहून आले आहे. गुणवंतरावांचे वडील दादाजी सागवानाचे ठेकेदार होते. येथल्या रानातील साग त्यांनी समुद्रापार धाडला आणि तो एका तीन धुराड्यांच्या प्रवासी आगबोटीच्या डेकला लागला. तिच्यावर नाचघर होते, वाचनाची खोली होती; पुढे युद्धात तिने सैनिक वाहिले. गतवर्षी ती मुंबईस मोडीत निघाली. गुणवंतराव सहज पाहावयास गेले, तो उपटलेल्या एका जाड फळीच्या टोकाला त्यांना वडिलांच्या हातोड्याचा ठसा दिसला. ते तेथेच बसून रडले, असे लच्छू सुतार सांगतो. त्यांनी आणलेल्या फळ्यांची त्याने येथील जमीन, माझे टेबल आणि चार खुर्च्या केल्या.

मी समुद्र पाहिलेला नाही हे कळल्यावर गुणवंतराव हसून म्हणाले, "आता मुंबईले जायाचं काम नाई, बाई. इथीच पाय ठेवा, तुमचा समुद्र आला."

माझ्या टेबलाखाली जमीन वीतभर उंच आहे. खालचा उंचवटा न खणता लच्छूने फळ्या तशाच वरून चढवल्या. पाय ठेवावयास फार सोयीचे.

८ जानेवारी

आज सभासदांची नोंदवही सिद्ध केली. चारही खुर्च्यांच्या कडेला हातोड्याचे आकडे आहेत: ४१ ते ४४. जंगलकामाची ही रीत मला लच्छूने समजावली. झाड पाडले की लठ्ठ्यावर आणि मागे राहिलेल्या खुंटावर एकच आकडा ठोकतात, म्हणजे कोणते खोड कोणत्या खुंटाचे ते कळते. मला ही पद्धत इतकी आवडली, की तेच आकडे मी सभासदांना दिले. कारागिराला पहिला मान, असे गुणवंतराव म्हणाले. म्हणून ४१ लच्छू, ४२ देवाजी मास्तर, ४३ स्वतः गुणवंतराव. माझे नाव मी शेवटी, ४४ वर लिहिले. पुढे होण्याची मला सवय नाही.

१७ जानेवारी

लच्छू गेला. सकाळी रानात, तळ्याच्या वाटेवर सापडला. एका जुन्या खुंटावर तो ताठ उभा होता. पावले घोट्यापर्यंत लाकडात रुतलेली, आणि नडग्यांवर तिरपे घाव, एक वरून, एक खालून. झाड तोडताना घालतात तसे. पोलीस वैर असावे म्हणतात. खुंटावरचा ठसा मी पाहिला. ४१.

दुपारी वाचनालयाच्या फळ्यांतून पाणी पाझरत होते. बोट लावून जिभेवर ठेवले. खारट.

२३ जानेवारी

हे मी स्वतः पाहिले, म्हणून क्रमाने लिहिते. भर दुपारी देवाजी मास्तर वर्तमानपत्र वाचत होते. जमीन एका बाजूस कलल्यासारखी झाली, दौत घरंगळली. मास्तर उठले आणि न बोलता चालू लागले. मी आणि झाडलोट करणारी सुकरी मागे धावलो. ते रानात लच्छूच्या पुढच्या, ४२ च्या खुंटावर चढले. आवाज आला: खट्. खट्. कुऱ्हाड नव्हती, माणूस नव्हता. नडगी उघडी पडली, पांढरे हाड दिसले. आम्ही दोघींनी ओढले. ते हलले नाहीत. शेवटपर्यंत ते माझ्याकडे पाहत होते.

सुकरी रानपाड्यावरची. ती मला परत आणताना म्हणाली, "बाई, खुंटाचा आकडा माणसाले काऊन देल्ला?"

मी तिला लच्छूने सांगितलेली रीत समजावू लागले. तिने मधेच तोडले.

"आकडा एक म्हंजे खोड एक. खुंटाले का ठाव, लाकूड का माणूस?"

तिच्या लोकांत झाड पाडल्यावर खुंटावर हिरवा डहाळा आणि दगड ठेवतात. खोड आता येणार नाही, वाट पाहू नको, असे त्याला सांगतात. दादाजी ठेकेदाराने घाईत ते करू दिले नाही. हे खुंट पन्नास वर्षे वाट पाहत आहेत. आगबोट मेली, लाकूड गावी आले, आणि मी आकडे—

मी.

२४ जानेवारी

नोंदवहीतील आकडे खोडले. सकाळी ते पुन्हा स्पष्ट होते. गुणवंतरावांना डहाळा आणि दगड ठेवण्याची विनवणी केली. ते म्हणाले, माझ्या बापाचं लाकूड आहे, मीच त्याले पाहतो. कुऱ्हाड घेऊन ४३ ची खुर्ची फोडू लागले. पहिला घाव खुर्चीवर— नडगी त्यांची चिरली. त्यांना कळले होते. तरी हात थांबेना. सात घाव. मी मोजले. मग ते उरलेल्या पायांनी रानाकडे—

फळ्यांवरचे रक्त खाऱ्या पाण्यात—

२५ जानेवारी, सकाळ

४४ शोधायचा. डहाळा आणि दगड ठेवला की मी सुटेन, असे सुकरी म्हणते. ४१, ४२, ४३ एका ओळीत आहेत. दोन खुंटांत सारखे अंतर, सव्वाशे पावले. ४३ पासून मोजत निघालो. रान संपले. गाव लागले. सव्वाशेवे पाऊल वाचनालयाच्या आत पडले.

माझ्या टेबलाखालचा, लच्छूने न खणलेला उंचवटा.

दहा वाजता

सुकरी फळ्या उचकटण्यासाठी पहार आणावयास गेली आहे. डहाळा टेबलावर आहे, दगडही. तोवर नोंदवहीतून माझे नाव फाडून काढावे म्हणून बसले. पान फाटत नाही. सुकरी येईपर्यंत हे लिहीत आहे. लिहिले की मन ताळ्यावर येते, नेहमीच—

जमीन कलते आहे.

सुकरीची हाक आली. उठून दाराशी जाते. पण सवयीने पाय त्याच उंचवट्यावर—

उचलत नाहीत. घोट्याशी गार. ओले. फळीखालून आवाज, अगदी जवळ, ख