जाळलेल्या पुस्तकावर माझं नाव

पॅरिस, ३ मार्च १७६८
मूषकांनी माझ्या केसांच्या टोपाचा डाव्या कानावरचा कुरळा झुपका भक्षण केला. राजाच्या ग्रंथपरीक्षकाने एककर्णी टोप घालून चारचौघांत वावरावे कसे? शास्त्रे मौन आहेत!

५ मार्च
टोपाचं दुःख हलकं ठरलं. मी छपाईला संमती दिलेलं एक पुस्तक न्यायालयाने जप्त केलंय. नाव ‘गव्हाच्या साठवणीविषयी’. इतकं रटाळ, की चाळिसाव्या पानानंतर डुलक्या घेत पानोपानी नुसत्या सह्या ठोकल्या. आणि पान एकशे बारावर लेखकमहाशय कोठारातून थेट सिंहासनाकडे! — ‘प्रजा राजासाठी जन्मत नाही. राज्य हा करार आहे. राजाने मोडला की प्रजा मोकळी.’ पुस्तकाच्या शेवटी, नियमाप्रमाणे, माझी संमती छापलेली. नावानिशी! नोकरी जाईलच, बॅस्टिलचा तुरुंगही लांब नाही.

पेर्नेत म्हणाली, “झोपेत सह्या करणारा नवरा अख्ख्या फ्रान्समध्ये एकच, आणि तो माझ्याच वाट्याला!” म्हणताना रडत होती.

९ मार्च
आजही ताट तसंच मागे सारलं.

१२ मार्च
न्यायालयाच्या मोठ्या जिन्याखाली जल्लादाने पुस्तक फाडून जाळलं. मी गर्दीत मागे, टोपी डोळ्यांवर ओढून. सोमवारी माझी चौकशी.

१४ मार्च
सुटलो! सुटलो!

न्यायाधीश गरजले, “पुराव्यासाठी राखलेली प्रत पुढे ठेवा.” पुस्तक नाहीच! सगळे एकमेकांकडे बघायचे सोडून छताकडे बघू लागले. अध्यक्षांनी घसा खाकरला — “यापुढे जपून वाचत जा.” संपलं.

बाहेर कारकून कोर्बिनो हसून बेजार. “अहो, परवा जाळले ते जुन्या खटल्यांचे कागद! जप्त प्रती या न्यायाधीशमंडळींनी केव्हाच घरी नेल्या. आता कोण म्हणणार, ‘थांबा, माझ्या उशाशी आहे, आणतो’?”

ईस्टरआधीच्या उपासाचे दिवस, म्हणून कोंबडी नाही. पण मासा चालतो; पेर्नेतने हा एवढा आणला. “सह्या करा हो, पण एक डोळा उघडा ठेवून!” दोनदा वाढून घेतलं.

१७ मार्च
नवं हस्तलिखित आलं — ‘द्राक्षवेलींची छाटणी’. या वेळी ओळन् ओळ वाचली. पान साठ: ‘कायद्यात नसलेल्या गुन्ह्यासाठी कोणालाही डांबू नये, राजाच्या सहीनेही नाही.’ खोडायला लेखणी बुडवली. टोकावरची शाई वाळली. खोडायचं कारण सापडेना.

बावीस वर्षं वाक्यं खोडत आलो. त्यांतली किती खरी होती, याची मला काळजी वाटते.