सव्वा मिलिमीटर

१ फेब्रुवारी, रविवार

सासऱ्यांचा डावा डोळा गेलेलाच आहे. उजवा आणखी दोन-तीन महिने टिकेल असं डॉक्टर म्हणतात. मागच्या भेटीत ते म्हणाले, दिसेनासं व्हायच्या आत माझा टँक एकदा बघायला हवा होता. फौजेत तीन वर्षं टँक चालवला त्यांनी. मी सगळ्यांसमोर शब्द दिला की १५ मार्चला या, टँक टेबलावर असेल.

आज टँकच्या प्लॅस्टिक मॉडेलचं किट उघडलं. एकास पस्तीस स्केल, दोनशे सत्याऐंशी पार्ट्स, बेचाळीस दिवस. रोज सात पार्ट्स. सहज.

आमच्या मॉडेल क्लबचं प्रदर्शन २२ मार्चला आहे, हा योगायोग. मी हे प्रदर्शनासाठी करतोय का, असं स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं. उत्तर : नाही. जेवणानंतर पुन्हा विचारलं. नाही.

३ फेब्रुवारी

माझ्याकडच्या टँकच्या पुस्तकातल्या ड्रॉइंगवर पार्ट्स ठेवून पाहिले. टरेट, म्हणजे वरचा तोफेचा घुमट, सव्वा मिलिमीटर आखूड आहे. खऱ्या टँकवर जवळजवळ साडेचार सेंटिमीटर! असला माल विकताना कंपनीला लाज कशी वाटत नाही? शिसारी आली.

बायको म्हणाली, बाबांना सव्वा मिलिमीटर दिसणार आहे का? प्रश्नच चुकीचा आहे. मला दिसणार आहे.

आज लावलेले पार्ट्स : शून्य. पण पाया पक्का हवा.

८ फेब्रुवारी, रविवार

टरेट मधोमध कापला, प्लॅस्टिकची पट्टी घातली, पुट्टी भरली. घरभर वास. लेक नाक दाबून म्हणाली, बाबा, आपण जेवणाच्या टेबलावर परत कधी जेवणार? तिला सांगितलं, आजोबांसाठी एवढा त्याग कर. ती म्हणाली, आजोबा आले की त्यांनाही मांडीवर ताट घेऊनच जेवावं लागेल.

ही पिढी उद्धट आहे. मुद्दा मात्र बरोबर होता. त्याचाही राग आला.

१२ फेब्रुवारी

क्लब. आमच्यातल्या डेंटिस्टने माझा टरेट हातात घेतला, आतून-बाहेरून बघितला आणि पेशंटला सांगावं तसं सांगितलं की चांगला दात उगाच काढलात. त्याच्या पुस्तकातल्या ड्रॉइंगप्रमाणे किट बरोबर आहे, माझं पुस्तक चूक. वर म्हणाला, फार खोल जाऊ नका, नस दुखावते. सगळे फिदीफिदी हसले.

या माणसाचा मला तिटकारा आहे. तो हत्यारं दवाखान्यातली वापरतो, ही फसवणूक नाही का? नसेल. पण असायला हवी.

१३ फेब्रुवारी

निकाल लावायला सासऱ्यांनाच फोन केला. एक्केचाळीस प्रश्नांची यादी तयार होती. पहिलाच : टरेटची लांबी किती?

ते म्हणाले, जावईबापू, मी आत बसायचो. गाडीवानाला बैलाची शेपूट दिसते, शिंगांची लांबी त्याला काय विचारता?

रंग विचारला. म्हणाले, चिखलाचा. चिखल हा रंग नाही. माझ्याकडच्या चार्टमध्ये अकरा हिरवे आहेत. मग म्हणाले की उजवीकडचा मडगार्ड नव्हता, त्यांनीच एका भिंतीला घासून तोडला होता. फोटो आहे का, असं विचारलं. ते म्हणाले, भिंत पडत होती, फोटो कोण काढणार?

प्रत्यक्षदर्शींवर विसंबता येत नाही असं वाचलं होतं, आज अनुभव आला. मडगार्ड दोन्ही बाजूंना लावले. पुराव्याशिवाय मी काही करत नाही.

लावलेले पार्ट्स : दोन.

२० फेब्रुवारी

तिसरं पुस्तक मागवलं होतं, ते आलं. डेंटिस्ट बरोबर आहे.

टरेट पुन्हा कापला. पट्टी काढली. तो बरोबर आहे म्हणून नव्हे, सत्य आहे म्हणून. हे त्याला सांगणं नैतिकदृष्ट्या आवश्यक आहे का, यावर तासभर विचार केला. आवश्यक नाही असं ठरलं.

१ मार्च, रविवार

बायको बाबांना डॉक्टरांकडे नेऊन आली. डोळा अपेक्षेपेक्षा लवकर चाललाय. ते आठ तारखेलाच येणार. मी म्हटलं, अशक्य, निदान पंधरा तरी करा, ठरलं होतं. ती म्हणाली, डोळ्याला तुझ्या तारखा माहीत नाहीत.

उरले पार्ट्स दोनशे छप्पन. रोज छत्तीस-सदतीस. ऑफिसला दांडी मारली तर जमेल. मारणार.

५ मार्च

दांडी मारली नाही. ऑडिट आहे.

पुट्टी घासता घासता टरेटला भोक पडलं. बायकोने सुचवलं, जसं आहे तसं चिकटवून टाक, बाबा खूश होतील. मी ताडकन म्हणालो, त्याला खेळणं म्हणतात, मॉडेल नाही. जरा जोरात बोललो. ती उठून आत गेली. ती आत गेल्यावर मला माझीच किळस आली. मग पुट्टीची आली. ती जास्त टिकली.

७ मार्च, सकाळ ९

जुनी पुट्टी सुटेना, म्हणून बायकोचं नेलपॉलिश रिमूव्हर लावलं. पुट्टी सुटली. प्लॅस्टिकही सुटलं. टरेट वितळलेल्या मेणबत्तीसारखा बसला.

बाटलीवर इशारा छापायला हवा.

७ मार्च, दुपार ३

छापलेला आहे. मागच्या बाजूला.

८ मार्च, रविवार

सासरे खिडकीपाशी बसले. टरेट नाही, वरचं झाकण चिकटवलेलं नाही, साखळ्या नाहीत, रंग नाही. दोन मडगार्ड असलेला उघडा डबा त्यांच्या मांडीवर ठेवला आणि तीन पुस्तकांमधला वाद समजावून सांगितला. दहा मिनिटं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं.

मग डबा उजव्या डोळ्याला अगदी टेकवला, करंगळी आत घातली. म्हणाले, वरचं नाही हे बरं झालं, आतलं दिसतं. इथे पुढे डावीकडे मी बसायचो. ती जागा कुठाय?

मी सांगितलं की बंद केल्यावर आतलं दिसत नाही, म्हणून कंपनी आतलं काही देत नाही.

ते म्हणाले, मग जावईबापू, महिनाभर तुम्ही काय करत होता?

टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. टोमणा असता तर उत्तर देता आलं असतं.

बायको त्यांच्या डोळ्यात ड्रॉप्स घालत होती. तिने बाटलीचं टोपण उचललं, माझाच गोंद लावला आणि पुढे डावीकडे चिकटवून दिलं. एक मिनिटही लागलं नाही. सासऱ्यांनी ते चाचपलं, पुन्हा डोळ्याजवळ नेलं, खूप वेळ बघत राहिले. मग नातीला बोलावून म्हणाले, बघ, इथे होतो मी, तीन वर्षं. महिनाभर या टेबलाकडे न फिरकलेली माझी लेक डोकं घालून बघत बसली. इंजिनाची धग कुठून यायची, पाय कुठे ठेवायचा, सगळं विचारत होती. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

सगळे जेवायला गेल्यावर कॅलिपर लावला. टोपणाचा व्यास तेरा मिलिमीटर. गुणिले पस्तीस, चारशे पंचावन्न. माणसाला बसायला सीट साधारण एवढीच लागते. तीनदा मोजलं. अख्ख्या मॉडेलमध्ये स्केलला धरून बसलेली एवढी एकच वस्तू.

बायकोला विचारलं, मोजून लावलंस का?

ती म्हणाली, हाताशी होतं, लावलं.