जावक क्रमांक

शनिवार, २० सप्टेंबर

प्रिय सुमैरा,

पत्र बघून आधी घाबरशील, मग हसशील. फोन करता आला असता. सकाळपासून तीनदा तुझं नाव काढलं आणि तीनदा फोन पालथा ठेवला. फोनवर तू पहिल्याच वाक्याला ‘जाऊ दे गं प्रांजल’ म्हणशील, आणि मला एवढ्या स्वस्तात सुटायचं नाही. म्हणून हे पत्र. सगळं वाच, मधेच चहा टाकायला उठू नकोस.

मी आमदारांच्या ऑफिसात इंटर्न म्हणून लागले तेव्हा इस्लामपूरच्या आपल्या खोलीत, साताऱ्याला जायच्या आधी, तू मला ‘आमदारीणबाई’ म्हणून किती छळलंस! मलाही वाटलं होतं, विधानसभेतले प्रश्न तयार करायला मिळतील, लॉच्या तीन वर्षांचं सार्थक होईल. प्रत्यक्षात रोज सकाळी मतदारसंघात कुणाकडे लग्न, कुणाकडे दहावं याची यादी करायची आणि दिवसभर शिफारसपत्रं टाइप करायची. साहेब मला चार महिन्यांत सहा वेळा भेटले, त्यातल्या दोनदा त्यांनी मला ‘माया’ म्हणून हाक मारली. माया माझ्या आधीची इंटर्न. खरं ऑफिस चालवतात ते साहेबांचे पीए, नानासो. माणूस वाईट नाही गं. कुणाच्या म्हशीला किती रेडकं हेसुद्धा त्यांना पाठ. डबा आणला नाही तर स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवायचे.

या ऑफिसातून कुणी रिकाम्या हातानं परत जात नाही. जो येईल त्याला पत्र मिळतं. साहेबांचं लेटरहेड, सही, शिक्का, सगळं अगदी खरं. फक्त वर डाव्या कोपऱ्यात ‘जा. क्र.’ असतं ना, जावक क्रमांक, त्याच्यापुढची जागा. काही पत्रांवर तिथे नंबर पडतो. ती पत्रं जावक रजिस्टरला चढतात आणि संध्याकाळी नानासो त्या त्या खात्यात फोन करतात. बाकीच्यांवर ती जागा कोरी राहते. कोरी जागा दिसली की समोरचा अधिकारी हसून कागद ठेवून घेतो. अधिकाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं, पत्र नेणाऱ्याला कधीच नसतं. मला ते तिसऱ्या आठवड्यात कळलं. मी विचारलं तर नानासो म्हणाले, “पोरी, मानसाला कागूद द्यावाच लागतो. पर नंबर समद्यांस्नी दिला तर नंबराला काय किंमत ऱ्हाईल? आता तू आपल्यातली झालीस, म्हणून सांगितलं.”

‘आपल्यातली.’ खरं सांगू, मला ते ऐकून बरं वाटलं. जे बाहेरच्यांना माहीत नाही ते आपल्याला माहीत आहे, याची एक गुर्मी चढते. तुला माझा राग यायचा असेल तर तो इथपासून येऊ दे.

त्यानंतर आठवडाभरातच तुझे अब्बा आले. जूनमधली गोष्ट. भुवयांवर कापूस तसाच होता, गादी-कारखान्यातल्या गाद्या अर्ध्या टाकून आले असणार. तुमच्या वाडीची सकाळी सहा चाळीसची एसटी बंद झालेली. पुढची सव्वानऊला, आणि तुझ्या धाकट्या बहिणीचं, निलोफरचं, बारावीचं कॉलेज भरतं साडेसातला. पोरं मोटारसायकलवर जातात, तीन वाड्यांच्या अकरा मुलींनी काय वडापच्या जीपमध्ये परक्या पुरुषांच्या मांडीला मांडी लावून जायचं? चाचा हे सगळं बोलले ते नजर खाली ठेवून. आमच्या ऑफिसातले लोड-तक्के त्यांनीच भरलेले. थांबायला लागलं तेव्हा एका लोडाची उसवलेली शिवण दिसली, तर खिशातून दाभण काढून शिवत बसले.

पत्र मी टाइप केलं. नानासोंनी साहेबांची सही घेऊन आणून दिलं. नंबर नव्हता. चाचांनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि विचारलं, “बेटी, आनि काय लागतंय का ह्याच्यावर? शिक्काबिक्का?” मी म्हणाले, “नाही चाचा. होईल काम.”

सुमे, एवढंच बोलले मी. दाभणानं शिवलेला तो लोड माझ्या टेबलासमोरच होता, रोज दिसायचा.

पुढचं तुला माहीत आहे, पण तुझ्या बाजूनं. कापूस बसून खराब होऊ नये म्हणून चाचांनी ते पत्र लॅमिनेट करून घेतलं. आगारात पाच चकरा मारल्या. प्रत्येक वेळी प्लॅस्टिकमधून ती कोरी जागा दाखवत उभे राहिले, आणि प्रत्येक वेळी ‘बघतो’ ऐकून परत आले. नागपंचमीला सगळं ऑफिस साहेबांबरोबर शिराळ्याला गेलं होतं. मी एकटी, समोर रजिस्टर, हातात पेन. रजिस्टर उघडलं, पान सरळ केलं आणि मिटलं. इंटर्नशिपचं सर्टिफिकेट अजून मिळायचं होतं ना! पाटणला घरी आईनं त्यासाठी भिंतीवर खिळासुद्धा ठोकून ठेवलाय.

मग परवा, गुरुवारी, तुझा फोन आला. निलूनं कॉलेज सोडलं, मिरजेचं स्थळ आहे, पुढच्या शुक्रवारी बघायला येणार. तू म्हणालीस, “नाहीतरी घरातच बसली होती गं. आणि तू केलंस तेवढं, अब्बा अजून तुझं नाव घेतात.” मी ‘हं’ म्हटलं. ‘हं’! डॉक्टर व्हायचं नाही, नर्सच व्हायचंय, कारण नर्स पेशंटजवळ थांबते, असं मला ठणकावून सांगणारी निलू.

काल सकाळी नानासो यायच्या आत मी रजिस्टर ओढलं, पुढचा नंबर टाकला, ४१८, समोर तुमच्या वाडीचं नाव लिहिलं आणि आगाराला फोन लावून नंबर सांगितला. तिकडचे साहेब म्हणाले, “नंबर हाय व्हय? मग आदी सांगायचं की ताई! सोमवारपास्नं सोडतो गाडी.” तीन मिनिटं लागली. तीन महिने ज्यासाठी चाचा चपला झिजवत होते, त्याला तीन मिनिटं.

नानासोंनी अक्षर ओळखलं. ओरडले नाहीत. रजिस्टर मिटून म्हणाले, “सोमवारपास्नं येऊ नगंस.” दुपारी स्वतःच्या हातानं सर्टिफिकेट आणून दिलं. साहेबांची सही, शिक्का, माझं नाव अगदी शुद्ध. वर डाव्या कोपऱ्यात बघितलं. जा. क्र. पुढे कोरं.

तर पत्र का लिहिलं ते आता. गाडी सुरू झाली की तुझे अब्बा पेढ्यांचा पुडा घेऊन माझ्याकडे येतील, आणि तो मला घेता येणार नाही. त्यांना हे पत्र वाचून दाखव, ‘होईल काम’ हे वाक्यसुद्धा वगळू नकोस. मला तोंड दाखवू नकोस म्हणाले तर ते त्यांना शोभेल. पण त्याआधी एक कर. उद्या रविवार आहे. साताऱ्याहून निघ, हे पत्र मी साताऱ्याच्या गाडीवरच्या तुमच्या गावच्या कंडक्टरकडेच देतेय, आज संध्याकाळपर्यंत तुला मिळेल. घरी जा आणि निलूला एकटीला बाजूला घेऊन विचार, हे लग्न तिला हवंय की नुसती गाडी नव्हती म्हणून ती हो म्हणाली. हवं असेल तर माझं काही म्हणणं नाही. नसेल, तर सोमवारी तिचं दप्तर घेऊन सहा चाळीसला फाट्यावर उभी राहा. मी सव्वासातपासून कॉलेजच्या स्टॉपवर असेन. अकराजणी उतरतात की दहा, ते मला माझ्या डोळ्यांनी मोजायचंय.

तुझी म्हणवून घ्यायची अजून मुभा असेल तर, तुझीच

प्रांजल