पाळण्याखालनं बाळ

तीर्थरूप आक्काला वर्षाराणीचा पाया पडून नमस्कार. तुझी कंबर आता कशी हाय? दाजींचं कापडदुकान बरं चाललंय न्हवं? इकडं बावड्यात सगळी बरी हायत, मी सोडून. फोन केला असता, पर आमच्या सासूबाई फोन चालू झाला की जवळ येऊन लसूण सोलत बसत्यात.

तुझ्या सासूनं इचारलंय, वर्षाराणीचा नवरा खलाशी म्हंजी बोटीवर असतो व्हय? न्हाय गं. (हे पंचगंगेत बी पाय घालत न्हाईत, पवाय येत न्हाय.) साखर कारखान्यात अवजड काय बी दोरानं, साखळीच्या कप्पीनं उचलायचं, हलवायचं, जाग्यावर बसवायचं, ती करणारी मानसं खलाशी. बोटीवरचाच शब्द हाय म्हणत्यात, दोर वढणाऱ्यांच्या मागं मागं कारखान्यात आला, रेल्वेत गेला, पुलावर चढला. मला एवढंच कळतंय की वर लोखंड टांगलेलं असतंय आन् शेजारी आमचं मालक. बाळ झाल्यापास्नं माझा जीव थाऱ्यावर न्हाय. दाजींला इचार, ह्यांना दुकानात घेत्यात का.

बारशाला तू न्हवतीस. पाळणा ह्यांनीच तुळईला बांधला. बाळाच्या आधी त्यात गव्हाचं पोतं घालून झुलवलं (वजन टाकून बघितल्याबिगर खलाशी काय टांगत न्हाय म्हणं), आन् बायका नटूनथटून पोत्याकडं बघत बसल्या. मग पोतं काढलं, आन् नाव ठेवायला बाळ पाळण्याच्या वरनं-खालनं द्यायला लागल्या, तर दारातनं हे वरडलं, थांबा. टांगलेल्या मालाखालनं मानूस जायचं न्हाय.

सासूबाई म्हणाल्या, "आरं माल कुठला, रिकामा पाळणा हाय."

"रिकामा बी मालच."

आत्याबाई हटून बसल्या, खालनं न्हाय गेलं तर नाव लागत न्हाय. शेवटी ह्यांनी वाकून पाळणा आपल्या खांद्यावर घेतला, तवा बाळ खालनं गेलं. शिवांश नाव ठिवलं. बायका तोंडाला पदर लावून हसत हुत्या. मी ह्यांच्याकडं बघत हुतो, बाळ पार पलीकडं गेलं तरी हे पाळणा खांद्यावरनं सोडंनात. मला वाटायचं ह्या घरात मी एकटीच भितो.

मागनं इचारलं, तर म्हणालं, कामावर उचला म्हणायचा मान एकट्या मुकादमाचा. पर थांबा कोण बी म्हणू शकतंय, झाडलोट करणारी बाई बी, आन् ते ऐकलं की सगळ्यांनी थांबायचंच.

दाजींला नमस्कार, पोरांचा मुका घे.

तुझी,
वर्षाराणी

ता.क. दाजींला दुकानाचं इचारू नको. वरच्या फळीवर तागं हायत म्हणून हे गिऱ्हाईकाला आत घेणार न्हाईत.

आनि एक ता.क. शनवारी कारखान्यात उसाच्या चरकाचा मोठा रोलर उचलायचाय. सकाळी हे निघताना माझ्या तोंडात थांबा येणार, आन् हे खरंच थांबतील. म्हणून माझं तोंड धरायला तू शुक्रवारीच ये. सासूबाईंला सांग, बारसं चुकलं म्हणून बाळ बघायला आलोय.