मोकळी सोडलेली ऊब

२ नोव्हेंबर
आलो एकदाचा! अलास्कातल्या फेअरबँक्समध्ये सगळ्यांनी माझी कीव केली होती, पण मला हे गाव बघताक्षणीच आवडलं. नदीकाठी वीसेक घरं, एक दुकान, एक धावपट्टी आणि तिच्या टोकाला माझं चार आसनांचं विमान. टपाल, किराणा आणि आजारी माणसांची ने-आण करायची, एवढाच व्याप. दुकान आणि धावपट्टी दोन्ही सांभाळणाऱ्या थेक्लाबाईंनी मूसच्या, म्हणजे इथल्या थोराड हरणाच्या, मटणाचा झणझणीत गरम रस्सा वाढला. त्यांची मुलगी एफी गरोदर आहे, जानेवारीत बाळंत होईल. वेळ आली की तिला इस्पितळात पोचवायचं काम माझं, हे बाईंनी जेवण होईपर्यंत तीनदा ऐकवलं.

इंजिन तापवायची इथली तऱ्हा मात्र बघण्यासारखी आहे. विमानाच्या नाकावरून कॅनव्हासचा तंबू सोडलेला, आत स्टोव्ह, आणि माशांच्या खोक्यावर ओसिप बसलेला. हा बाईंचा दीर. याचं काम काय, तर बसणं. स्टोव्हही पेटता, ओसिपही घोरता. असल्या कामाला पगार देणारं गाव भूतलावर दुसरं नसेल.

६ नोव्हेंबर
आज या लोकांना विसाव्या शतकातून बाहेर काढलं. अडगळीतला जुना मोबाइल, त्याला जोडलेली एक विजेची कळ, इंजिनाच्या तेलाच्या टाकीखाली चिकटवलेली तापणारी पट्टी, तेलाचा ताप मोजणारा सूचक आणि वरून जुनी रजई. विजेचा खांब धावपट्टीवर होताच. सगळं मिळून बऱ्यापैकी बुटांपेक्षा स्वस्त पडलं. मी अंथरुणातून मेसेज करायचा. तिकडून उत्तर येतं, ‘चालू’, आणि सोबत तेल किती तापलं तो फॅरनहाइटमधला आकडा. कॉफी होईतो इंजिन तयार. तंबू आणि स्टोव्ह गुंडाळून ठेवले, ओसिपचं खोकं तेवढं विमानापाशी उघड्यावर राहिलं.

ओसिप बघत उभा होता. मग तिथं बसणार कोण, असं त्यानं विचारलं. कोणी नाही, तीच तर गंमत आहे, मी म्हणालो. तर हे महाशय गंभीर झाले. “अरे, ऊब अशी एकटी सोडू नकोस. नदीवर गोठून गेलेली माणसं काय कमी आहेत? जागा रिकामी दिसली की येऊन बसतात.”

बसू देत, मी म्हटलं, निदान ते घोरणार तरी नाहीत. थेक्लाबाईंना हसू आलं नाही. “शहरातून आलेत पायलटसाहेब,” त्या ओसिपला म्हणाल्या, “यांच्या डोक्याला टोपी पुरते, अक्कल लागत नाही.”

नोकरी गेल्याचा राग आहे दिराला, दुसरं काय!

११ नोव्हेंबर
रात्रभर बर्फ पडला. विमानावर, रजईवर, खांबावर सगळीकडे हातभर थर. फक्त ओसिपचं खोकं कोरडं. भोवती पावलांचा एकही ठसा नाही.

म्हातारा चेष्टा करतोय हे उघड आहे. दुकानात जाऊन त्याला चार लोकांत झापलं. तो बिस्किटं चघळत बसला होता. म्हणाला, “मी कशाला येतोय तिकडं? माझी जागा भरलीय.” एका भिकार खोक्यावरून अख्ख्या गावाची दातखीळ बसते, म्हणजे कमाल आहे.

१७ नोव्हेंबर
आकडा अठ्ठ्याण्णवच्या वर चढत नाही. पट्टी बदलली, वायर बदलली. रोज येऊन अठ्ठ्याण्णवलाच थांबतो. ताप मोजताना धडधाकट माणसाचा येतो, तो आकडा.

योगायोग. पण सांगणार कुणाला? या अडाण्यांना आयतं कोलीत नको.

२१ नोव्हेंबर
मी मेसेज केलाच नव्हता. चहा घेत होतो आणि उत्तर आलं. ‘चालू. ९८.’

बंद करायचा मेसेज केला. ‘चालू. ९८.’

धावपट्टीवर गेलो आणि खांबावरचा प्लग उपटला. मोबाइलही कळीपासून सोडवला. घरी आलो, तर टेबलावर माझा फोन वाजत होता. अठ्ठ्याण्णव.

२२ नोव्हेंबर
इंजिन सुरू होत नाही. आत तेल थिजून डांबर झालंय. सगळी ऊब कुणीतरी पिऊन टाकतंय — हे मी लिहितोय, मी!

शेवटी ओसिपकडे गेलो. लाज वाटली, पण गेलो. स्टोव्ह लावून स्वतः बसलो तर? तो हसला, पण त्याचे डोळे हसत नव्हते. “बस की. इंजिन तापेल, त्याचं पोट तुझ्यावर भरेल ना. पण आता बसशील तो त्याच्या मांडीवर. आणि उठायची पाळी त्याची येईल, तुझी नाही.”

मूर्ख म्हातारा. मूर्ख.

२६ नोव्हेंबर
एफीला पहाटेपासून कळा. फार लवकर. रक्त जातंय. दुसरं विमान येऊ शकत नाही, ती सगळी वादळात अडकलीत. इथून इस्पितळापर्यंतचं आभाळ तेवढं मोकळं. थेक्लाबाईंनी माझे दोन्ही हात धरले. टोमणा नाही, काही नाही. नुसतं म्हणाल्या, “तापव रे बाबा.” ओसिप एफीला बर्फावरून ओढायच्या स्लेजवरून आणायला थांबलाय.

तंबू लावला. स्टोव्ह पेटवला. खोक्यापुढे किती वेळ उभा राहिलो. मग बसलो. वही आहे म्हणून लिहितोय, हात हलते राहावेत.

खोकं मऊ लागतंय.

फोन — ९८.

तेल तापतंय! हात लावून पाहिला. खरंच तापतंय.

९५. सूचक तर मी काढून खिशात ठेवलाय. मग हा आकडा कुणाचा —

९१. थंडी वाजत नाही. वाजायला हवी होती.

कुणीतरी माझ्या खालून उठलं. तंबूचा पडदा हलला. बर्फात पावलं वाजताहेत, गावाकडे. माझ्यासारखीच चाल.

८४. इंजिन तयार आहे. मला उठता येत नाही.

स्लेज आली. एफी कण्हतेय. थेक्लाबाईंनी पडदा वर केला. खोक्याकडे पाहिलं. माझ्याकडे. हाका मारतोय मी, बाई, मी इथं आहे, चढवा तिला, मी —

“बघ,” त्या ओसिपला म्हणाल्या, “मेला स्टोव्ह पेटवून पुन्हा निघून गेला. ऊब मोकळी सोडून.”

“तू शोध त्याला, पळ,” ओसिप म्हणतोय. “तोवर मी बसतो.”

येतोय तो. पाठ वळवली त्यानं. ओसिप, नको, बसू नकोस, इथं मी — माझ्या मां