थंड इंजिनाची चार मिनिटे

बाबा, गेल्या रविवारी धाकट्याने सांगितले की शनिवारी तुमची गाडी भंगारात जाणार. शेड पाडून तिथे त्याला एक खोली बांधायची आहे आणि गाडीच्या कागदांची मुदत केव्हाच संपली आहे. मी हरकत घेतली नाही. एवढेच म्हणाले, की तोवर रोज सकाळी सात वाजता मी येईन आणि गाडी एकदा चालू करीन. "ताई, तू पण ना! रिटायर झालीस, वर्ग सुटले, तर आता गाडीला शिकवणार का?" असे म्हणून तो हसला. त्याला वाटले, मला तिचा निरोप घ्यायचा आहे. मला एक गोष्ट तपासायची होती, आणि ती तपासण्याचे साधन ही गाडीच होती. ज्या सकाळी मी तुम्हाला कंपू भागातल्या इस्पितळात नेले, त्या सकाळी ती वाटेत दोनदा बंद पडली. ती माझ्यामुळे बंद पडली का, हे मला जाणून घ्यायचे होते. शनिवारनंतर ते कधीच कळले नसते.

तुम्हाला हे ठाऊक नाही, आणि आईलाही शेवटपर्यंत ठाऊक नव्हते, की आदल्या दिवशी दुपारी तुम्ही वर्कशॉपमध्ये असताना मी बॉनेट उघडले होते. तंत्रनिकेतनाचे माझे दुसरे वर्ष होते. पुस्तकात नुकतेच वाचले होते की धुराड्याला काजळी धरत असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे असे समजावे. आपल्या गाडीच्या धुराड्याला काजळी होती. तुम्ही मिश्रणाच्या स्क्रूची जागा दाखवण्यासाठी कार्बोरेटरवर पांढऱ्या रंगाचा एक ठिपका दिला होता. मी त्या ठिपक्यापासून स्क्रू अर्धा फेरा आत घेतला, म्हणजे पेट्रोल थोडे कमी केले. इंजिन गरम होते, ते सुरेख चालले. आठ दिवसांनी तुम्ही म्हणाल, अरे, पेट्रोल कमी कसे लागते आहे, आणि मग मी सांगेन, असा माझा बेत होता. आपल्याला न विचारता आपल्या मुलीने काहीतरी नेमके केले, याचे तुमच्या चेहऱ्यावरचे आश्चर्य मला पाहायचे होते.

जानेवारीची सकाळ आहे. धुक्यात समोरचे फाटक दिसत नाही. तुम्ही माझ्या शेजारी बसला आहात, डावा हात छातीशी धरून, आणि आई मागून तुमच्या खांद्यावर शाल पुन्हापुन्हा सारखी करते आहे. चोक ओढून इंजिन चालू होते. जयेंद्रगंजच्या चौकापर्यंत आपण जातो, मी चोक आत ढकलते आणि गाडी बंद पडते. पुन्हा चालू करते. कंपूच्या वळणावर, इस्पितळ हाकेच्या अंतरावर असताना, ती दुसऱ्यांदा बंद पडते आणि या वेळी काही केल्या उठत नाही. मी पाय दाबत राहते, पेट्रोलचा वास गाडीभर पसरतो. तुम्ही म्हणता, "पाय काढ. थांब थोडी. वीसपर्यंत मोज." मला मोजता येत नाही, म्हणून तुम्हीच मोजू लागता, एकेका आकड्याला श्वास घेत. कोणी सायकलवाला थांबतो, "बहनजी, धक्का लगा दें?" आणि आई त्याच्यावर ओरडते, "लगाओ ना भैया, पूछते क्या हो!" तुम्ही अकरापर्यंत आला होतात. पुढे धक्का बसला, इंजिन लागले, आपण पोहोचलो. दुपारी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "ज़रा पहले ले आते," आणि वाक्य तिथेच सोडून निघून गेले. त्यांनी सोडलेले ते वाक्य मी चाळीस वर्षे पुरे करत आले आहे.

या चाळीस वर्षांत मी मुलींना कार्बोरेटर शिकवला. पहिल्या दिवशी मी फळ्यावर कार्बोरेटर काढत नसे, स्टो काढत असे. पहिला धडा तुम्ही मला स्वयंपाकघरातच, स्टोवर दिला होता. पितळी स्टो भकभकत होता, मी घाईने पिन फिरवली आणि त्याच दमात पंपही मारला, आणि ज्योत निळी झाली. मला शाबासकी हवी होती. तुम्ही म्हणालात, "सुधारला खरा. पण कशाने सुधारला, सांग बघू?" मला सांगता येईना. "म्हणजे स्टो दुरुस्त झाला, तू तशीच राहिलीस." आई कणीक मळत होती. ती म्हणाली, "आधी चहा होऊ दे, मग शाळा भरवा. पोर घाबरली बघा." मी घाबरले नव्हते, मला राग आला होता. पण एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मग थांबून पाहायचे, हा धडा मला त्या रागातच मिळाला. पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, त्याची वाफ जळते. थंड लोखंडावर त्याचे थेंब बसून राहतात, म्हणून थंड इंजिनाला आपण चोकने हवा कमी करून पेट्रोलचा वाटा वाढवून देतो. लोखंड तापले की तो वाटा काढून घ्यायचा. हे सांगताना मी दरवर्षी तितकीच रंगून जात असे. ही गोष्ट आहेच तशी सुंदर. फक्त चोक आत ढकलण्याच्या क्षणापाशी आले की माझा आवाज किंचित बदलत असे, आणि ते एकाही वर्गाच्या लक्षात आले नाही.

गाडी अशी बंद पडण्याच्या दोषाची अडचण अशी, की तो पहिल्या चार मिनिटांतच असतो. इंजिन तापले की तो नाहीसा होतो, आणि पुन्हा पूर्ण थंड व्हायला रात्र जावी लागते. म्हणजे एका सकाळी एकच प्रयोग. माझ्याजवळ सहा सकाळी होत्या. आधी मला दोष बघायचा होता, दुरुस्त करायचा नव्हता. सोमवारी स्क्रू तुमच्या पांढऱ्या ठिपक्यावर आहे याची खात्री केली. तुम्ही गेल्यावर तेराव्या दिवशी मीच तो परत आणून ठेवला होता आणि त्यानंतर त्याला कोणी हात लावला नव्हता. धाकट्याने पुढे काही हिवाळे गाडी चालवली, मग दर दसऱ्याला पूजा करून कोपऱ्यापर्यंत नेऊन आणत असे. "गरम होईपर्यंत रुसते ग ती," असे तो म्हणायचा. मी ते ऐकत असे आणि पुढे काही विचारत नसे. सोमवारी चोक ओढला, चालू केली, घड्याळ लावले. चौथ्या मिनिटाला चोक आत घेतला आणि इंजिन एकदा थरथरून बंद पडले. पुन्हा चालू केले, या वेळी ते टिकले. स्क्रू तुमच्या जागेवर होता, बाबा, तरी ती बंद पडली. मी पायरीवर बसून वहीत नोंद केली.

एका निरीक्षणावर विसंबू नये, हेही तुमचेच. मंगळवारी कार्बोरेटरमधले पेट्रोल मापात ठेवणाऱ्या फ्लोटची पातळी तपासली आणि ताजे पेट्रोल घातले. चौथ्या मिनिटाला बंद, मग ठीक. बुधवारी पेट्रोल सोडणारा छोटा जेट काढून उजेडात धरला, छिद्र स्वच्छ होते, तरी फुंकून बसवला, पुन्हा तसेच. धाकटा दात घासत बाहेर आला. "आज पण फेल?" मी म्हटले, "फेल नाही, एक कारण कमी झाले." तो म्हणाला, "वा! हे आमच्या ऑफिसात सांगितलं असतं, तर बॉसने बाहेरच काढलं असतं." आणि तोच आतून माझ्यासाठी चहा घेऊन आला.

गुरुवारी मी तेलाची कुपी घेतली. चोक आत ढकलताच इंजिन अडखळू लागले तेव्हा कार्बोरेटर जिथे खालच्या नळीवर बसतो, त्या सांध्यावर तेलाचे तीन थेंब सोडले. आणि आवाज बदलला! जणू कोणी दार लावून घेतले असावे तसे इंजिन सावरले आणि चालतच राहिले. सांध्यातून चोरून हवा आत येत होती आणि तेलाने ती फट क्षणभर बुजली होती. धातू तापला की फुगतो आणि फट आपोआप मिटते, म्हणून गरम इंजिनाला काही त्रास नाही. किती सोपे, किती नेमके! मी एकटीच शेडमध्ये टाळी वाजवली. दुपारी कार्बोरेटर उतरवला. खाली सांधा हवाबंद ठेवणारी गॅस्केटे एकाच्या जागी दोन होती, हाताने कातरलेली, कडेला तुमच्या कात्रीच्या बारीक पायऱ्या. त्यांच्यामध्ये तुम्ही लाख लावली होती. सांध्याचा पत्रा कोपऱ्यात वाकला होता, तुम्हाला ते ठाऊक होते आणि तुम्ही तुमच्या परीने तो भरून काढला होता. तरी थंडीत गाडी रोज एकदा बंद पडत असणार. पण आम्ही उठण्याआधी तुम्ही ती स्वतः गरम करून ठेवत असा, त्यामुळे ती चार मिनिटे तुमच्याशिवाय कोणी पाहिलीच नव्हती. शुक्रवारी खासगी बाजार नावाच्या पेठेतून आणलेला जाड कागद कातरून नवे गॅस्केट बसवले. वाकलेला पत्रा घासून सपाट करण्याची हौस मी आवरली. चोक आत गेला, इंजिन चालतच राहिले, चौथे मिनिट गेले, दहावे गेले. धाकट्याने हात जोडले. "मास्तरीणबाई, मान गये!" मी त्याला म्हटले, जुना सांधा गळत होता, बाबांच्या वेळेपासूनच. हे वाक्य उच्चारताना माझ्या खांद्यांवरून काहीतरी खरोखरच उतरले.

दुपारी वही पुरी करताना मात्र मी थांबले. सोमवार, एकदा. मंगळवार, एकदा. बुधवार, एकदा. दुसऱ्यांदा चालू केल्यावर ती एकाही सकाळी बंद पडली नव्हती. आणि त्या सकाळी ती दोनदा बंद पडली होती. चौकातले पहिले थांबणे तुमच्या सांध्याचे होते, याविषयी मला आता शंका नाही. कंपूच्या वळणावरचे दुसरे कोणाचे? धुके, चढ, माझी घाई, किंवा अर्धा फेरा आत गेलेला तो स्क्रू. हे शोधण्याची रीत अगदी सरळ आहे आणि मी ती कोणत्याही विद्यार्थिनीकडून करून घेतली असती: जुनी परिस्थिती जशीच्या तशी उभी करायची आणि मोजायचे. पत्रा मी घासला नव्हता तो बहुधा याचसाठी. मी नवे गॅस्केट काढले, तुमची दोन्ही परत बसवली आणि स्क्रू ठिपक्यापासून अर्धा फेरा आत घेतला. चाळीस वर्षांनीही बोटांना तो अर्धा फेरा तंतोतंत आठवत होता.

शनिवारी सातला मी गाडीत बसले. किल्ली लावली, चोक ओढला, घड्याळ मांडीवर ठेवले. धुके होते. शेजारच्या आसनाकडे मी पाहिले नाही. साडेसात झाले, आठ झाले. मग भंगारवाल्यांची गाडी फाटकाशी आली आणि धाकटा मफलर गुंडाळत बाहेर आला. "ताई, जाता जाता एकदा चालू करून दाखव ना. कालसारखी. बाबांची गाडी स्वतःच्या पायांनी जाऊ दे." मी म्हणाले, "होत नाही रे. बॅटरी उतरली." तो म्हणाला, "आजच उतरायची होती? असू दे." मग त्याने आणि दोन माणसांनी तिला ढकलत फाटकाबाहेर नेले. मी स्टिअरिंगच्या चाकाशी बसून वळण दिले आणि शेवटी उतरले.

तुम्ही विचाराल, कशाने बंद पडली, सांग बघू? पहिल्यांदा कशाने ते मी सांगू शकते, आकृतीसह. दुसऱ्यांदाचे सांगू शकत नाही. आणि ते कळण्यासारखे नव्हते म्हणून नव्हे. धाकट्याला हे मी सांगणार नाही आणि हा कागदही त्याच्या हाती पडू देणार नाही. तुम्हाला मात्र सांगते. बॅटरी चांगली होती, बाबा.